इलेक्ट्रॉनच्या पायाला लागलेला चिखल

जुलैतली गोष्ट. तीन दिवस पावसाची झड लागली होती आणि अकरावीच्या वर्गात निम्मीच मुलं आली होती. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी येऊन थांबली. कुठल्याशा मासिकात तिनं 'हेवी फर्मिऑन' हा शब्द वाचला होता.

"सर, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त ठरलेलं असते ना? मंग हजारपट जड इलेक्ट्रॉन म्हणजे काय?"

तिची शंका अगदी रास्त होती. इलेक्ट्रॉन तांब्याच्या तारेतला असो की ताऱ्यातला, त्याचं वस्तुमान एकच असतं, असं आम्हीच शिकवतो. मी तिच्या पायांकडे पाहिलं. पांदण रस्त्यानं ती दोन किलोमीटर चालत आली होती आणि चपलांखाली काळ्या मातीचा चार बोटं थर चढला होता. विदर्भातली ही काळी माती ज्यानं पावसात तुडवली आहे, त्याला अर्धं उत्तर आधीच माहीत असतं. घरून निघालेला माणूस आणि शाळेत पोचलेला माणूस तोच असतो, पण वाटेत पाऊल उचलायला दुप्पट जोर लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल, कुणीतरी भारी माणूस सावकाश चालला आहे.

काही विशिष्ट धातूंत, खूप थंडीत, इलेक्ट्रॉनचं असंच होतं. त्याचं मूळ वस्तुमान बदलत नाही. तो ज्यातून चालतो ते त्याला चिकटतं आणि तो शेकडो, कधी हजारपट जड असल्यासारखा वागू लागतो. हा चिखल कशाचा आहे, हा प्रश्न मला फार आवडतो आणि त्याचं उत्तर शोधण्याची रीत त्याहून जास्त आवडते.

आधी त्या धातूंविषयी. यातल्या बऱ्याच पदार्थांत सेरियम नावाचं मूलद्रव्य असतं. नाव परकं वाटलं तरी ते आपल्या गावांतून फिरून गेलेलं आहे. लग्नाच्या वरातीत बाया-माणसं डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालायची. त्या बत्तीतली पांढरी जाळी, म्हणजे मेंटल, मुख्यतः थोरियमच्या ऑक्साइडची असे आणि त्यात साधारण एक टक्का सेरियमचं ऑक्साइड मिसळलेलं असे. तो एक टक्का होता म्हणून बत्ती तशी लख्ख पेटायची. लायटरच्या चाकाखाली ठिणगी पाडणारा बारीक खडा असतो, त्यातही सेरियम असतं.

सेरियमच्या अणूत एक इलेक्ट्रॉन आत दडून बसतो, ४-एफ नावाच्या कप्प्यात. बाहेरचे इलेक्ट्रॉन धातूभर भटकतात, पण हा आपली जागा सहसा सोडत नाही. त्याच्या फिरण्यामुळे आणि स्पिनमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्याच चुंबकी गुणामुळे, प्रत्येक सेरियम अणू एक इवलासा लोहचुंबक बनतो. एका सेरियमला तीन अल्युमिनियम अशा प्रमाणात धातू घडवला, तर ठरावीक अंतरावर एकेक चुंबक उभा आणि मधून भटक्या इलेक्ट्रॉनांची ये-जा, अशी रचना तयार होते.

१९७५ मध्ये याच धातूची विशिष्ट उष्णता मोजली गेली. तापमान थोडंसं वाढवायला किती उष्णता द्यावी लागते, एवढंच ते मोजमाप. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकाच्या, जवळ धातूत ही उष्णता मुख्यतः भटके इलेक्ट्रॉन खातात आणि त्यांचं प्रभावी वस्तुमान जितकं जास्त, तितकी त्यांची भूक मोठी. ही भूक एका आकड्यात सांगतात. तांब्यासाठी तो आकडा ०.७ च्या आसपास असतो. सेरियम-अल्युमिनियमसाठी त्याच एककात १६२० आला. दोन हजारपटींहून जास्त! तिथून हेवी फर्मिऑनची गोष्ट सुरू झाली. फर्मिऑन हे इलेक्ट्रॉन ज्या कणकुळात मोडतो त्या कुळाचं नाव. हेवी म्हणजे जड.

इलेक्ट्रॉनला चिकटणारा चिखल म्हणजे तेच इवलेसे चुंबक. पण चिकटतात कसे, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १९३४ मध्ये सोन्याची एक विचित्र खोड दिसली होती. धातू थंड करत गेलं की त्याचा विद्युतरोध कमी व्हायला हवा. सोन्याचा आधी कमी झाला आणि अगदी थंडीत पुन्हा वाढू लागला. पुढे कळलं, की सोन्यात लोहासारख्या चुंबकीय अणूंची किंचित भेसळ असली की असं होतं. तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, जपानच्या जुन कोंडो यांनी याचं कारण मांडलं. भटका इलेक्ट्रॉन चुंबकीय अणूजवळून जाताना दोघंही आपापला स्पिन उलटवू शकतात. तापमान उतरत गेलं की ही देवाणघेवाण वाढत जाते. शेवटी भोवतालचे इलेक्ट्रॉन त्या एकट्या चुंबकाला असे वेढतात, की बाहेरून त्याचं चुंबकत्व दिसेनासं होतं.

सोन्यात असे चुंबक तुरळक होते. सेरियमच्या धातूत ते घराघरात आहेत. तापमान खाली आलं, की सगळेच एकदम इलेक्ट्रॉनांत गुंततात. मग जो चालतो तो नुसता भटका इलेक्ट्रॉन उरत नाही. त्याच्यात जागेवर बसलेल्या ४-एफ इलेक्ट्रॉनचाही मोठा वाटा असतो, आणि बसून राहणाऱ्याला सोबत घेऊन चालायचं म्हटलं की चाल मंदावणारच. तापमान वाढलं, की दोघं सुटे होतात. उन्हाळ्यात हीच काळी माती वाळून भेगाळते आणि त्याच पांदणीनं आपण सायकल दामटतो, तसं.

माझी उपमा इथून पुढे मात्र अपुरी पडते आणि ते सांगितलंच पाहिजे. चिखल निर्जीव असतो. हे चुंबक सतत हलत असतात, झुलत असतात. शिवाय ते एकमेकांशी बोलतातही. मधून जाणारे इलेक्ट्रॉन एकाचा कल दुसऱ्यापर्यंत पोचवतात. सगळ्यांचं एकमत झालं तर ते शिस्तीत उभे राहतात, म्हणजे धातू नेहमीच्या अर्थानं चुंबकीय होतो. बहुधा एक वर, एक खाली अशा आळीपाळीनं. म्हणजे प्रत्येक चुंबकापुढे दोन ओढी आहेत. इलेक्ट्रॉनांत विरघळून जायचं, की शेजाऱ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं? १९७७ मध्ये सेबॅस्टियन डोनियाक यांनी या दोन ओढींचा हिशेब मांडला. हेवी फर्मिऑनची सगळी गंमत त्या दोन ओढींच्या सीमेवर घडते. तिथं चुंबक धड रांगेतही नसतात आणि धड विरघळलेलेही नसतात. त्यांचे हेलकावे चालू असतात. भौतिकशास्त्रात याला चुंबकीय एक्सायटेशन म्हणतात. मी हेलकावेच म्हणणार.

हे हेलकावे बघायचे कसे? मला शिकवताना खरा आनंद इथं मिळतो.

क्ष-किरण घेतले तर ते मुख्यतः विद्युतभाराला धडकतात. चुंबकत्वाकडे त्यांचं लक्ष फार थोडं. दुसरी अडचण वजनाची. अणूंमधल्या अंतराएवढ्या, म्हणजे १.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा सुमारे ७००० इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप. चुंबकाच्या हेलकाव्याची ऊर्जा असते इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हजाराव्या भागाच्या घरात, म्हणजे एखादा मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. सत्तर लाखांत एक! चौदा टनांचा ट्रक धरमकाट्यावर उभा करून त्यात दोन ग्रॅम कापूस कमी आहे की जास्त, हे ओळखायला सांगण्यासारखं ते झालं.

न्यूट्रॉनचं तसं नाही. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये शोधलेला हा कण विद्युतभाररहित आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो सहज आत शिरतो. पण तो स्वतः एक चिमुकला चुंबक आहे, म्हणून आतल्या चुंबकांशी त्याची गाठ पडते. आणि योगायोग असा, की अणुभट्टीत खोलीच्या तापमानाला आणलेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबी तीच १.८ अँगस्ट्रॉम, पण ऊर्जा फक्त २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पंचवीसांतला एक गेला तर कुणालाही कळेल. निसर्गानं हे माप कुणासाठी ठरवून ठेवलेलं नाही, तरी ते आठवलं की मला दरवेळी कृतज्ञ वाटतं.

मोजण्याची रीत जिनिंगवर कापूस विकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भरली बंडी काट्यावर चढवायची, वजन लिहायचं. कापूस उतरवून रिकामी बंडी पुन्हा चढवायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे आत राहिलेला माल. कापसाला हात लावायची गरज नाही. न्यूट्रॉन धातूत शिरताना त्याची ऊर्जा ठाऊक असते, बाहेर पडताना पुन्हा मोजतात. जेवढी कमी झाली, तेवढी आतल्या चुंबकांना झुलवण्यात गेली. यालाच इनइलॅस्टिक न्यूट्रॉन स्कॅटरिंग म्हणतात.

काटा दोन प्रकारचा असतो. पहिला कॅनडात चॉक रिव्हरच्या अणुभट्टीवर बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी १९५० च्या दशकात उभा केला. एक स्फटिक ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडून पाठवतो, मध्ये नमुना असतो आणि तिसऱ्या जागी दुसरा स्फटिक बाहेर पडलेल्यांची ऊर्जा ओळखतो. तिन्ही आपापल्या आसाभोवती फिरवता येतात, म्हणून त्याचं नाव ट्रिपल-ॲक्सिस. या कामासाठी १९९४ मध्ये ब्रॉकहाउस यांना क्लिफर्ड शल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

दुसरा प्रकार म्हणजे चक्क शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. तळेगाव दशासरचा पट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको: अंतर ठरलेलं, जोडी सुटली की घड्याळ सुरू, रेषा ओलांडली की बंद, आणि वेळेवरून कोणती जोडी किती वेगानं धावली ते कळतं. न्यूट्रॉनांचेही असेच झोत सोडतात आणि नमुन्यापासून शोधकापर्यंत, म्हणजे न्यूट्रॉन टिपणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचायला लागलेला वेळ मोजतात. ५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचा थंड न्यूट्रॉन सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर धावतो. चार मीटरच्या पटाला त्याला सेकंदाचा सुमारे २५० वा भाग लागतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांना तो भरपूर वेळ आहे.

ऊर्जेइतकंच महत्त्व दिशेला आहे. न्यूट्रॉन कोणत्या कोनात वळला यावरून हेलकाव्याची नक्षी कळते. आपल्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तूर पेरतात, दर काही तासांनंतर तुरीचा एक तास (तास म्हणजे पेरणीची ओळ). शेत न तुडवता, दुरून नुसती नक्षी पाहून, किती तासांनी तूर येते ते सांगता येतं. तसंच चुंबक जर एक वर, एक खाली अशा ढंगानं झुलत असतील, तर नक्षी दर दुसऱ्या अणूला परत येते आणि न्यूट्रॉन एका विशिष्ट कोनाला जास्त संख्येनं सापडतात. म्हणजे चुंबक किती जोरानं झुलतात हे ऊर्जेतून कळतं आणि कोण कोणाच्या तालावर झुलतं हे कोनातून.

एखाद्या शिस्तबद्ध चुंबकीय पदार्थात हे हेलकावे स्वच्छ लाटांसारखे दिसतात. कापणीआधीच्या गव्हावरून वारा गेला की एक लाट या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाते, तशा. प्रत्येक लाटेला आपली ठरावीक ऊर्जा असते. हेवी फर्मिऑनमध्ये मात्र ऊर्जेचं टोकदार शिखर सहसा दिसत नाही, पसरट उंचवटा दिसतो. वाऱ्याची झुळूक उठावी, चार ओंब्या डोलाव्या आणि लगेच विरून जावं, अशी ती हालचाल असते. हेलकावा जितका अल्पायुषी, तितका त्याचा उंचवटा पसरट. उंचवट्याच्या रुंदीवरून हेलकाव्याचं आयुष्य मोजता येतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. या उंचवट्याची रुंदी बऱ्याच हेवी फर्मिऑनमध्ये एखाद्या मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. तापमानाच्या भाषेत एक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११.६ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तेवढे अंश. साध्या धातूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पल्ला याच्या हजारो पटींनी मोठा असतो. इथं सगळा कारभार या चिंचोळ्या पट्टीत कोंबलेला आहे, आणि इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा जेवढ्या चिंचोळ्या पट्टीत बसतात तेवढे ते जड वागतात. चुंबक जेवढे सावकाश झुलतात, तेवढा इलेक्ट्रॉन जड. १९७५ ला उष्णता मोजून जी भूक दिसली आणि न्यूट्रॉननं जो मंद झोका दिसला, त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

सीमेवर नेमकं काय होतं, हेही न्यूट्रॉननंच दाखवलं. एक सेरियम आणि सहा तांबं असा एक धातू आहे. त्यात चुंबक विरघळलेलेच राहतात, रांगेत येत नाहीत. आता साठ तांब्यांतल्या सुमारे एकाच्या जागी सोनं घाला. सोन्याचा अणू मोठा, त्यामुळे अणूंची जाळी किंचित फुगते, चुंबकांची इलेक्ट्रॉनांशी असलेली गुंतागुंत थोडी सैल होते आणि धातू थेट सीमेवर येऊन बसतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉन मोजमापांत दिसलं, की तिथं हेलकाव्यांना स्वतःची अशी ऊर्जाच उरत नाही. तापमान अर्धं करा, हेलकाव्यांचा वेगही त्याच प्रमाणात मंदावतो. निरपेक्ष शून्याकडे जाल तसे ते मंदच होत जातात. याला क्वांटम क्रिटिकल बिंदू म्हणतात. इथं गोंधळ उष्णतेमुळे माजत नाही, क्वांटम अनिश्चितता तो माजवते. आणि धक्का देणारी गोष्ट अशी, की हेच वागणं फक्त एका नक्षीपुरतं नव्हतं, पाहिलेल्या सगळ्या कोनांत तेच दिसलं. म्हणजे प्रत्येक चुंबक आपापल्या जागी या गोंधळात सापडलेला होता. यावरून सुरू झालेला वाद सैद्धांतिक अभ्यासकांमध्ये अजून मिटलेला नाही.

अतिवाहकतेचा, म्हणजे विनारोध वीज वाहण्याचा, भाग आणखी नवलाचा. १९७९ पर्यंत समज असा होता, की चुंबकीय अणूंची थोडीशी भेसळही अतिवाहकता मारते. त्या वर्षी जर्मनीत फ्रँक श्टेग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सेरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या धातूत सुमारे अर्ध्या केल्विनला अतिवाहकता सापडली. ज्या धातूच्या घराघरात चुंबक बसला आहे, तो विनारोध वीज वाहून नेतो! अनेकांचा आधी विश्वास बसला नाही.

पुढे सेरियम, कोबाल्ट आणि इंडियमचा धातू आला. तो २.३ केल्विनला अतिवाहक होतो. त्याचं न्यूट्रॉन मोजमाप कठीण, कारण इंडियम न्यूट्रॉन गिळतो. म्हणून पातळ पातळ स्फटिक एकाच दिशेला नीट लावून त्यांचा थर करावा लागतो. एवढी उस्तवार केल्यावर २००८ मध्ये दिसलं, की २.३ केल्विनच्या वर जो पसरट उंचवटा होता, तो अतिवाहक अवस्थेत गोळा होऊन ०.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टला टोकदार शिखर बनतो. इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात आणि त्याच क्षणी चुंबकांचा झोकाही आपली ढब बदलतो. मग २०११ मध्ये श्टेग्लिश यांच्या मूळ धातूतही हेलकाव्यांचा हिशेब मांडला गेला. अतिवाहक होताना चुंबकीय ऊर्जेत जी बचत होते, ती अतिवाहक होण्यात एकूण वाचणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट निघाली. मारेकरी समजलेलं चुंबकत्वच इथं जोड्या जुळवतं, असं मानायला हा भक्कम आधार आहे.

सगळंच असं उलगडलेलं नाही. युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉनचा एक धातू १९८५ पासून अभ्यासात आहे. १७.५ केल्विनला त्याच्या विशिष्ट उष्णतेत मोठी उडी येते, म्हणजे आत काहीतरी नक्की शिस्तीत येतं. न्यूट्रॉननं पाहिलं तर रांगेतलं चुंबकत्व इतकं क्षीण, की एवढ्या मोठ्या उडीचा हिशेब त्यातून लागत नाही. हेलकावे मात्र लख्ख दिसतात, टोकदार, लाटांसारखे. लाट स्पष्ट आहे आणि शेत कशाचं आहे तेच कळत नाही. या अवस्थेला सरळ 'लपलेली शिस्त' असंच नाव पडलं आहे.

हे सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, "सर, हे आपल्याकडं कुठी करता येते का?"

येतं. मुंबईत तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. अप्सरा ही आपली पहिली अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली. चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आलेले पी. के. अय्यंगार यांनी तुर्भ्यात न्यूट्रॉन स्कॅटरिंगची घडी बसवली. आज तिथली, १९८५ मध्ये सुरू झालेली, १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी झोत पुरवते आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना ती वापरता यावी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या यूजीसी-डीएई कन्सोर्शियम या संस्थेचं मुंबईत केंद्र आहे. त्यासाठी आधी बीएस्सी, मग एमएस्सी, आणि मग धातू वितळवून स्फटिक वाढवायला शिकावं लागतं.

"किती मोठा स्फटिक लागते?"

काही ग्रॅमचा, मी म्हणालो. न्यूट्रॉनांचा झोत विरळ असतो, म्हणून नमुना जेवढा मोठा तेवढं बरं, आणि तरीही एकेका बिंदूसाठी कित्येक मिनिटं मोजत बसावं लागतं. तिनं वहीच्या मागच्या पानावर 'काही ग्रॅम' असं लिहून घेतलं, पायरीवर काडीनं चपला खरडल्या आणि पांदणीला लागली.